मंदे, हे फक्त तुलाच कळेल

प्रिय मंदे,

पत्रास कारण की गाडी. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच दहा प्रश्न विचारले असतेस आणि मुद्दा राहून गेला असता, म्हणून लिहितेच आहे. आमचं सगळं ठीक. माझा खांदा बराच सुटलाय, हात वर जातो, मागे नेला की कळ येते. आईंचा बीपी गोळ्यांवर आहे. झालं, तब्येतीचं संपलं.

नवीन गाडीचं स्टिअरिंग अडकतं.

ज्याला म्हणून हे सांगितलं तो विचारतो, "जड होतं का?" जड नाही गं होत. पार्किंगमध्ये एका बोटाने फिरतं. अडकतं ते हायवेला, सरळ रस्त्यावर, ऐंशी-नव्वदच्या वेगात, गाडी बराच वेळ चालून तापली की. सरळ रस्त्यावरसुद्धा आपला हात स्थिर नसतो, केसभर इकडे, केसभर तिकडे चाललेलंच असतं. त्या केसभर हालचालीला चाक दाद देत नाही. मध्यावर घट्ट बसून राहतं. जरा जास्त जोर लावला की एकदम सुटतं, आणि हवं होतं त्यापेक्षा जास्त वळतं. पावसाळ्यात फुगलेला ड्रॉवर ओढताना होतं ना, तसं: येत नाही, येत नाही, आणि आला की सगळाच मांडीवर.

परवा परत येताना शेजारच्या लेनमध्ये कंटेनर होता. रस्त्याला किंचित उतार, त्यामुळे गाडी हळूहळू त्याच्याकडे सरकत होती. तू किंवा मी अशा वेळी विचारसुद्धा करत नाही, हातच सावरून घेतो. मी सावरायला गेले तर चाक हलेना. अंगठ्याच्या मुळाशी दाब वाढतोय आणि चाक जागच्या जागी. मग सुटलं ते असं की गाडी पार रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गेली. उलट सावरताना पुन्हा तेच, पुन्हा थोडं जास्त. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असेल. हे शेजारी झोपले होते, जागे झाले नाहीत. आमची सई मागे कानात इअरफोन घालून बसली होती. गाडीत चार माणसं, आणि जे झालं ते फक्त माझ्या हातांना कळलं. ही गोष्ट मला फार लागली आहे, मंदे.

म्हणून तू आठवलीस. बाबांनी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला होता तो रविवार आठव. चाकाला दोन बोटं प्ले, म्हणजे ढिला खेळ, होता, तो घालवायचा म्हणून त्यांनी तो आवळला, आणि प्ले गेलाच, पण त्याबरोबर गाडीचं सरळ जाणंही गेलं. वळणावरून बाहेर पडलं तरी चाक आपणहून परत यायचं नाही. तू तेव्हा सांगितलं होतंस की त्या बॉक्समध्ये वर्मचे, म्हणजे मळसूत्रासारख्या गिअरचे, दात मध्यावरच सगळ्यांत घट्ट बसावेत अशीच रचना असते, त्यामुळे स्क्रू जास्त आवळला की पहिला त्रास मध्यावर होणार. मी म्हणाले, बाबांना विचारूया. तू म्हणालीस, विचारलं की संपलं. त्यावरून किती दिवस अबोला होता आपला! आणि मी आजही म्हणते, विचारायला हवं होतं. शेवटी मीच टॉर्च धरला, तू नट ढिला करून स्क्रू पाव फेरा मागे घेतलास, आणि दुसऱ्या दिवशी बाबा गाडी फिरवून आले ते काय खूश! "बघा, आवळल्यावर कशी लोण्यासारखी चालते!" तू तोंडात ओढणी कोंबून आत पळालीस. मी तिथेच उभी होते, मला हसताही येईना.

तर तेच दुखणं आता नव्या अंगात आलंय. इतक्या वर्षांनी माझ्या हाताने ते ओळखलं, आणि गॅरेजवाल्यांच्या कंप्युटरने नाही ओळखलं.

त्याचं कारण मी शोधून काढलंय, नीट वाच. आताच्या स्टिअरिंगमध्ये तेल नाही, पंप नाही, मोटर असते. चाकाखालच्या दांड्यात एक बारीक सळई असते, तुम्ही चाक फिरवलं की तिला पीळ बसतो. किती पीळ बसला ते सेन्सर मोजतो, त्यावरून कंप्युटर मोटरला सांगतो की इतकी मदत कर. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पण बऱ्याच गाड्यांत मोटरची मदत दांड्यापर्यंत पोचते ती वर्म आणि त्याने फिरणाऱ्या दातेरी चाकातून, वर्मव्हीलमधून. म्हणजे पुन्हा तोच वर्म! व्हीलचे दात बहुधा प्लास्टिकचे, आवाज नको म्हणून, आणि खडखड होऊ नये म्हणून वर्मला त्या दातांवर दाबून धरणारी एक स्प्रिंग. स्प्रिंगचा दाब जास्त असला, व्हील फुगलं किंवा दातांमधलं ग्रीस बाजूला सरलं की घर्षण वाढतं. हायवेला तासभर सरळ जाताना दात त्याच दोन-चार जागी घासत राहतात, ग्रीसला परत आत यायला वावच मिळत नाही. म्हणून मध्यावर, म्हणून हायवेला, म्हणून तापल्यावर.

आता कंप्युटरला काय दिसतं? वायर सुटली, सेन्सर गेला, व्होल्टेज पडलं, मोटर फार तापली, हे सगळं त्याला कळतं आणि तो दिवा लावतो. पण दातांमधलं घर्षण वाढलं हे थेट मोजणारा सेन्सरच त्यात नाही. सगळे सेन्सर धडधाकट, सगळे आकडे मर्यादेत. दिवा नाही, दोषाचा कोड नाही. आणि कोड नाही म्हणजे गॅरेजच्या लेखी दोषच नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या त्या नेमक्या ह्याच दोषासाठी. वर्म आणि वर्मव्हीलमधलं घर्षण वाढून स्टिअरिंग अडकतं. उपाय काय, तर स्प्रिंग बदलायची आणि ग्रीस भरायचं. तुझा पाव फेराच की! आमची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, तिच्यावर असा काही रिकॉल नाही, मी चासी नंबर टाकून पाहिलं. म्हणजे मी एकटी, आणि समोर तो सर्व्हिसवाला मुलगा.

त्याचं ऐक. पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, नव्या गाड्यांचं स्टिअरिंग असंच असतं." दुसऱ्यांदा म्हणाला, ते लेन असिस्ट आहे, तेच चाक ओढतं. मी म्हटलं, लेन असिस्ट पट्टीजवळ गेल्यावर ढकलतं, हे लेनच्या मधोमध धरून ठेवतं, आणि मी तर ते बंद करून चालवलंय, तरी तेच. तेव्हा त्याने ह्यांच्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्हाला जाणवलं का?" सर झोपले होते रे बाबा! हे खरं तर मला तिथेच ओरडून सांगायचं होतं. मग त्यांच्या माणसाने आवारात दोन चकरा मारल्या, वीसच्या वेगात, गार गाडीवर, आणि सांगितलं की ओके आहे. ज्या परिस्थितीत दोष येतो त्यातली एकही गोष्ट त्या चकरांमध्ये नव्हती. मला इतका संताप आला, मंदे. आपण दोघी वर्कशॉपमध्ये फाइल घासत होतो तेव्हाही सर पहिला प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलांनाच विचारायचे, आठवतं ना. तू तेव्हा उठून उत्तर द्यायचीस. मी तेव्हा गप्प बसायचे, पण इथे नाही बसले. त्याला म्हटलं, माझ्याबरोबर तासभर हायवेला चल आणि स्वतः चालवून बघ. तो म्हणाला, साहेबांना विचारून कळवतो. अजून कळवतोय.

टायरची हवा बघितली, अलाइनमेंट करून घेतली, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे एंड हाताने हलवून पाहिले. तिथे काही नाही. ते बिघडले असते तर गाडी एका बाजूला ओढली असती, नाहीतर प्ले आला असता, किंवा खड्ड्यात खट्ट असा आवाज आला असता. तसं काहीच होत नाही.

ह्यांचं म्हणणं, इतका विचार करू नको, स्टिअरिंग पूर्ण थोडंच जाणार आहे. आणि ते खरंही आहे, आमच्या गाडीत दांडा, रॅक म्हणजे खालची दातेरी पट्टी, आणि चाकं ही लोखंडाने लोखंडाला जोडलेलीच असतात, मोटर मेली तरी गाडी वळते. पण किती जोर लावून? संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा ७९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात मोटारगाडीच्या स्टिअरिंगची मदत चालू असताना चाकावर १५० न्यूटनपर्यंत जोर चालतो, मदत बंद पडल्यावर ३०० न्यूटनपर्यंत. ३०० न्यूटन म्हणजे तीस किलो उचलण्याइतका जोर, आणि तो वळणाच्या ऐन मध्यावर, अचानक. तुझ्यासारखीला जमेल. माझ्या ह्या खांद्याला? आणि तरीही मी सांगते, पूर्ण बंद पडलेल्या स्टिअरिंगची मला कमी भीती वाटते. ते दिवा लावतं, जड होतं, आपण वेग कमी करून बाजूला घेतो. हे जे अडकतं ते काहीच सांगत नाही. दहा किलोमीटर शहाण्यासारखं चालतं आणि अकराव्याला धरून ठेवतं. माझा हात आता त्याची वाट बघत बसतो, आणि वाट बघणारा हात नको तेवढं वळवतो. म्हणजे दोष गाडीचा, आणि उद्या काही झालं तर म्हणणार, बाईने ओव्हरकरेक्ट केलं.

ह्यावरून तू मला १९८८ सालच्या त्या सुझुकी सेर्व्होचं पुन्हा ऐकवशील, की तिच्यात पहिल्यांदा मोटर बसवली तेव्हापासूनच रस्ता हाताला कळेनासा झाला. ते भांडण मी आत्ताही भांडायला तयार आहे. मोटर नसती तर ह्या खांद्याने मी पार्किंगमधूनही बाहेर पडले नसते. मोटर हवीच. फक्त हात काय म्हणतो तेही कुणीतरी लिहून घ्यायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुझं कसं चाललंय? घराचं रंगकाम संपलं का? नीलूचा निकाल लागला असेल, कळव. आणि हो, तुझा तो किल्ल्यांचा जुडगा, कपाटाच्या, गच्चीच्या, ऑफिसच्या किल्ल्या सगळ्या गाडीच्या किल्लीला लटकवलेल्या, तो आजच्या आज सोडव. हसू नकोस. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. जड जुडग्याच्या ओढीने किंवा धक्क्याने किल्ली चालू गाडीत मागे फिरायची, इंजिन बंद, स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत बंद, आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. त्यात १२४ माणसं गेल्याचं त्यांच्याच भरपाई योजनेत मान्य झालं. तुझी गाडी वेगळी, स्विच वेगळा, ते सगळं कबूल. पण जुनी किल्लीची गाडी आहे, झिजलेला स्विच आहे, आणि चालत्या गाडीत कधी इंजिन बंद पडलंच तर किल्ली पार मागे फिरवून काढू नकोस, स्टिअरिंग लॉक होईल.

खरी काळजी सईची आहे. तिला पुढच्या महिन्यापासून नोकरीवर गाडी न्यायची आहे, रोज हायवेने, आणि येताना रात्र. तिने आयुष्यात हीच गाडी चालवली आहे. स्टिअरिंग कसं असायला हवं हे तिच्या हाताला माहीतच नाही, म्हणून अडकलं तरी तिला ते अडकणं वाटणार नाही, गाडी अशीच असते असं वाटेल. मी किल्ली देत नाही म्हणून घरात तोंड फुगवून बसली आहे. म्हणते, गॅरेजवाले ओके म्हणतात, बाबा ओके म्हणतात, तुलाच काय होतं. तिला काय सांगू? की माझ्या आणि मंदामावशीच्या हातात एक जुना स्क्रू बसलेला आहे?

म्हणून तू ये. आधी मी तुला काही सांगणार नव्हते, म्हणजे तू कोरी बसशील आणि खरं काय ते कळेल. पण ते आता ह्या पत्राने बिघडवलंच. तरी ये. पहाटे निघू, रस्ता मोकळा असेल. तू चालव, तासभर, मी बाजूला गप्प बसते. सई मागे बसेल, तिचं ते कानातलं काढून. तुझ्या हाताला लागलं तर आपण दोघी मिळून लेखी तक्रार देऊ, कंपनीच्या मुख्य ऑफिसला आणि सरकारलाही; दोन ड्रायव्हरांची नोंद असली की त्यांना टाळता येत नाही. आणि नाहीच लागलं तुला, तर तसंही सांग. तुझं मी ऐकेन.

तोवर गाडी जवळपासच वापरते, हायवेला नाही. आणि सईला एक फोन कर. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते.

तुझीच,
वसू

ता. क. येताना तुझा तो हवा मोजायचा गेज आण. इथल्या गॅरेजच्या आकड्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.