जळकं ऑइल मातीत नको: ड्रम द्या, शेणखत द्या, जमेल ते द्या

राम राम मंडळी. हायवेच्या कडेच्या आपल्या गायरानासाठी मदत मागायला हे टाकतोय. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव रोडला आता ५३ नंबर म्हणतात, आपल्या तोंडी अजून सहा नंबरच आहे, तर त्याच्या कडेला ट्रकची, ट्रॅक्टरची गॅरेजं किती वाढली ते तुम्ही बघताच. ऑइल बदलताना इंजिनखालच्या चेंबरचा नट खोलला की बरंचसं जळकं ऑइल डब्यात जातं, ते लोक वाळवीसाठी नाहीतर सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतात, पण सांडलेलं आणि फिल्टरमधलं सगळं मातीतच. मिस्त्री लोकांना नावं ठेवायला हे लिहिलेलं नाही भो, त्यांच्याकडे जमा करून ठेवायला झाकणाचा ड्रमच नाही तर ते तरी काय करतील.

मंडळातल्या सायन्सच्या पोरांनी गॅरेजमागची हराळी आणि मारुतीच्या पाराजवळची हराळी आणली, दोन्हीची मुळं बटाट्याच्या फोडीत धरून दाढीच्या ब्लेडने आडवी पातळ कापली, सॅफ्रॅनिनचा लाल रंग देऊन मायक्रोस्कोपखाली ठेवली. पाराजवळच्या मुळात पाणी वर नेणाऱ्या नळ्या चांगल्या गोल, मोकळ्या, भोवतीच्या पेशी ओळीने बसलेल्या. गॅरेजमागच्यात नळ्या बारीक, बाहेरची साल जाड नि तपकिरी, मधल्या पेशी चेपलेल्या. "हाई काय शे" असंच तोंडातून निघालं. दोन-चार मुळांवरून शास्त्र होत नाही हे कबूल, पण वरून ते गवत बऱ्यापैकी हिरवं होतं आणि खरी पंचाईत तीच आहे.

ऑइल मातीच्या कणांना चिकटलं की मुळाला हवा मिळत नाही, पाणी वरच्यावर ओघळून जातं, मातीतले जिवाणू ऑइल खायला लागले की नायट्रोजनपण तेच ओढून घेतात आणि गवत उपाशी राहतं. त्यात इंजिन झिजून आलेलं लोखंड-तांबं, ऑइलच्या मिश्रणातलं जस्त, हे तर कधी कुजतच नाही. आणि आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ऑइल सरळ खाली, उरलेलं पहिल्या पावसात नाल्याला.

२०१६ च्या नियमांनी हे ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, परवानावाल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं. पण गाडी यायची तर माल एका जागी साठलेला पाहिजे, म्हणून प्रत्येक गॅरेजला एक २०० लिटरचा ड्रम, एक पत्र्याचा ट्रे आणि सांडलेलं टिपायला भुशाचं पोतं द्यायचं ठरलंय. जिथे माती नुसती तेलकट झालीय तिथे नांगरून, शेणखत घालून, ओल धरून जिवाणूंना कामाला लावू, हराळी अशा मातीत तग धरते म्हणून तीच परत लावू. अगदी काळी झालेली माती मात्र वेगळी काढून झाकून ठेवणार, कोणी भरावाला मागितली तरी द्यायची नाही.

पैसे मंडळाच्या ऑफिसात, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. शेणखताची ट्रॉली, भुसा, एक दिवसाचा ट्रॅक्टर, काहीही चालेल, पोरांना जुना मायक्रोस्कोप कोणी दिला तर सोन्याहून पिवळं. तोवर गॅरेजमागे ढोरं सोडू नका, गणपतीच्या दूर्वापण तिथून खुडू नका. आणि ड्रम देणार असाल तर फवारणीच्या औषधाचा नको, बाकी पोचा पडलेला असला तरी चालेल, झाकण तेवढं घट्ट बसलं पाहिजे.