वाचन-शिक्षकाची परीक्षा आणि पाठांतर

संपादक महोदय,

वाचन-शिक्षक प्रमाणपत्राच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झाले. अभ्यास कमी पडला, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ-समितीने २००० साली मांडलेले वाचनाचे पाच घटक (ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनीचे नाते, वाचनातला ओघ, शब्दसंपत्ती, आकलन) मी झोपेतून उठवले तरी सांगितले असते. पण प्रश्नपत्रिकेत व्याख्या विचारल्याच नव्हत्या. एका मुलाच्या वाचनाची नोंद दिली होती, तो कुठे अडला, काय चुकला. आणि प्रश्न एवढाच, की आता आधी काय शिकवाल? मला चारही पर्याय बरोबर वाटले.

दुसऱ्या खेपेच्या तयारीला मी गाइड मिटले आणि शेजारच्या दुसरीतल्या मुलीला रोज वीस मिनिटे जवळ बसवून वाचायला लावले. ‘मुलगा विहिरीजवळ थांबला’ हे वाक्य तिने ‘मुलगा विहिरीजवळ बसला’ असे वाचले. अर्थ जुळत होता, म्हणून मी पुढे जाणार होते. तेवढ्यात लक्षात आले, चित्रातला मुलगा बसलेला होता. चित्रावर हात ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितले. आता ती ‘यां... यां...’ करत थबकली. तिला ‘थ’ आणि ‘य’ वेगळे ओळखता येत नव्हते, आणि इतके दिवस चित्राने ते झाकून ठेवले होते!

‘कमळ’मध्ये ध्वनी किती, यावर ती म्हणाली तीन. पहिल्या परीक्षेआधी मीही तेच म्हटले असते. अक्षरे तीन, पण उच्चारताना ध्वनी पाच: क्, अ, म्, अ, ळ्. शेवटचा ‘अ’ आपण बोलतच नाही.

गॉफ आणि टन्मर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन म्हणजे अक्षर उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार, असे मांडले. बेरीज नव्हे. एक बाजू शून्य तर सगळे शून्य. हे वाक्य मी आधी पाठ केले होते. घडाघडा वाचून गोष्टीतले काहीच सांगू न शकणारा मुलगा समोर बसला, तेव्हा ते कळले.

दुसऱ्या खेपेला मी उत्तीर्ण झाले. आपल्या परीक्षा-मार्गदर्शनाच्या सदरात नुसते प्रश्नसंच छापण्याऐवजी दर आठवड्याला एका मुलाच्या वाचनाची, चुकांसकट, नोंद छापावी आणि त्यावर पुढचे पाऊल विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका