साताऱ्यात पाणी शंभर अंशांना उकळत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या गल्लीतील मुले प्रयोगवह्या पुऱ्या करायला बसतात, आणि मी निवृत्त विज्ञान शिक्षक असल्यामुळे त्यांतील काही वह्या माझ्या ओसरीवरही येतात. यंदा शेजारची दहावीतील मुलगी आली ती रुसूनच. बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ होताना तापमान कसे बदलते, या प्रयोगात तिने उकळत्या पाण्याचे तापमान ‘९७ आणि ९८ यांच्या मधोमध’ असे लिहिले होते. त्यावर लाल शाईची काट मारून शेजारी ‘१०० अंश से.’ अशी दुरुस्ती केलेली होती आणि एक गुणही गेला होता. तिच्या मैत्रिणीने तापमापीकडे न पाहताच १०० लिहिले, तिला पूर्ण गुण मिळाले.

वस्तुतः बरोबर होते ते या मुलीचेच. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते आणि साधारण दर ३०० मीटरला एक अंश असा ढोबळ हिशेब धरला, तरी येथे साडेसत्त्याण्णव ते अठ्ठ्याण्णव अंशच यायला हवेत. महाबळेश्वरात हाच आकडा साडेपंचाण्णवच्या आसपास येईल. पुरते शंभर पाहायचे तर घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागेल. पाठ्यपुस्तकातील १०० हा आकडा समुद्रसपाटीवरील प्रमाण दाबाचा आहे, ही अट मुले तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण ती आपल्या गावाला लागू पडते का, हे त्यांना कोणी विचारत नाही. भारतीय सर्वेक्षक पंडित नैनसिंह रावत यांनी १८६६ साली तिबेटमधील ल्हासाची उंची काढली ती पाणी कितीला उकळते हे तापमापीने पाहूनच. म्हणजे ज्या आकड्यावर काट बसली, त्याच आकड्यावरून त्या मुलीला साताऱ्याची उंची अंदाजे सांगता आली असती.

तिच्या शिक्षकांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण असे आकडे मीही वर्षानुवर्षे खोडले आहेत. तीन तुकड्या आणि प्रत्येकीत साठ मुले धरली तर १८० वह्या होतात. एका वहीला पाच मिनिटे दिली तरी पंधरा तास जातात, आणि पाच मिनिटांत एक प्रयोगसुद्धा नीट वाचून होत नाही. मग नजर अक्षरावर, समासावर, पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर आणि शेवटी निष्कर्षातील आकडा पुस्तकाशी जुळतो की नाही, यावर जाते. गुण कशाला मिळतात हे मुलांना आपल्याआधी कळते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या ताईची वही समोर ठेवून प्रयोग ‘उतरवले’ जातात.

अशी उतरवलेली वही ओळखणे कठीण नाही. तिच्यातील कृती आज्ञार्थी असते: ‘चंचुपात्रात पाणी घ्या, तापमापी बुडवा, नोंद करा.’ ज्याने प्रयोग केला तो ‘घेतले, बुडवली, नोंदवले’ असे लिहील. पुस्तकाच्या आज्ञा पुन्हा पुस्तकालाच ऐकवणार नाही. भाषेच्या शिक्षकांनाही यात लक्ष घालता येईल. अकरावीच्या वह्यांत लंबकाचा प्रयोग पाहावा. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० आंदोलनांना ४० सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो, पण हाताने घड्याळ चालू-बंद करताना दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक पडतोच. तीनही वाचने ४०.१, ४०.१, ४०.१ अशी आली असतील, तर लंबक बहुधा टेबलाच्या खणातच होता. आणि ‘दक्षता’ या मथळ्याखाली ‘निरीक्षणे काळजीपूर्वक घ्यावीत’ हे वाक्य तर मी इतक्या वेळा वाचले आहे, की ते न लिहिणाऱ्या मुलाला जादा गुण द्यावा असे वाटू लागले होते.

पुस्तकाहून वेगळा आलेला प्रत्येक आकडा मान्य करावा, असे माझे म्हणणे नाही. एखाद्याने ९२ लिहिले असेल तर तापमापीचा फुगा पाण्याबाहेर राहिला होता का, किंवा तापमापीच चुकीची दाखवते का, हे शोधायला हवे. शाळांतील तापमाप्या एखाद्या अंशाने सहज चुकतात. वितळत्या बर्फात ती शून्य दाखवते का, हे आधी पाहिले आणि तसे वहीत लिहिले, तर त्या दोन ओळींचे मोल सुबक आकृतीहून अधिक मानले पाहिजे.

दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे आहेत. त्यांतील वहीचे गुण देताना मंडळाने आणि शाळांनी कच्च्या नोंदीला जागा द्यावी. ज्या दिवशी प्रयोग, त्याच दिवशी शाईने केलेली नोंद असावी. चुकलेला आकडा रबराने न पुसता एका रेघेने खोडावा, म्हणजे तो वाचता येईल. त्याखाली शिक्षकांची सही घ्यावी आणि तोच कागद पक्क्या वहीला जोडावा. खाडाखोड म्हणून गुण कापण्याची पद्धत येथे सोडावी लागेल. सगळेच प्रयोग वरवर तपासण्याऐवजी प्रत्येक मुलाचे कोणतेही दोन प्रयोग, कोणते ते आधी न सांगता, पूर्ण वाचावेत आणि ‘हा आकडा असा का आला’ एवढा एकच प्रश्न तोंडी विचारावा. शिक्षकांचे तास यामुळे वाढतील, पण ते सत्कारणी लागतील.

छापील प्रयोगवह्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. त्यांत निष्कर्षाचे वाक्य आधीच छापलेले असते आणि आकड्यापुरती रिकामी जागा सोडलेली असते. त्या वह्या बंद करणे जमत नसेल, तर ती जागा प्रयोगाच्या आधी भरली की नंतर, एवढे तरी शाळांनी पाहावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा