सेझानच्या टेबलाची कड

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचे ‘सफरचंदांची परडी’ हे चित्र पुस्तकात पाहून तू गेल्या भेटीत म्हणालास, की या माणसाला साधे टेबलही नीट काढता आलेले नाही. तेव्हा मला उत्तर सुचले नाही, पण तो प्रश्न मनात घोळतो आहे. तुझे निरीक्षण अचूक आहे. चुरगळलेल्या पांढऱ्या कापडाच्या डावीकडे आणि उजवीकडे दिसणारी टेबलाची कड एका रेषेत येत नाही, बाटली कललेली आहे, परडी पुढे झुकली आहे, आणि तरीही एकही सफरचंद घरंगळत नाही.

मात्र हे हात कच्चा असल्याचे लक्षण आहे, हे मला पटत नाही. फळ हव्या त्या कोनात बसावे म्हणून सेझान त्याच्याखाली नाणी सरकवत असे, ही त्याची मांडणी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराची आठवण आहे. काम इतके सावकाश चाले, की खरी फुले कोमेजत आणि त्याला कागदी फुले ठेवावी लागत. इतक्या बारकाईने मांडणी करणाऱ्याला टेबलाची कड तुटलेली दिसली नसेल, असे कसे म्हणावे? मला वाटते, थोडे डावीकडून आणि थोडे उजवीकडून पाहिलेले टेबल त्याने एकाच कॅनव्हासवर आणले.

१८३९ साली दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हांस येथे जन्मलेल्या या मुलाने वकील व्हावे, अशी त्याच्या सावकार वडिलांची इच्छा होती. पुढे कादंबरीकार झालेला शाळासोबती एमिल झोला याने मात्र त्याला पॅरिसला यायचा आग्रह धरला. सुरुवातीची त्याची चित्रे काळपट, जाड रंगांची होती. १८७२ नंतर पॅरिसजवळच्या पाँत्वाझच्या परिसरात चित्रकार कामिय पिसारोच्या सोबतीने उघड्यावर बसून रंगवताना त्याचे रंग उजळले. स्वतंत्र प्रदर्शन लागले ते थेट १८९५ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

अखेरच्या वर्षांत तो एक्सजवळच्या लोव्हच्या टेकडीवरून सँत-व्हिक्त्वार डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. त्यातील निळे-हिरवे ठिपके जवळून पाहिले तर नुसते ठिपकेच असतात, मध्ये कुठे कोरा कॅनव्हासही दिसतो. चार पावले मागे सरकल्यावर डोंगर उभा राहतो. सप्टेंबर १९०६ मध्ये त्याने मुलाला कळवले होते, की नदीकाठी एकाच जागी बसून, किंचित उजवीकडे वा किंचित डावीकडे झुकले तरी महिनोन्महिने पुरेल इतके विषय सापडतात. तुझ्या शंकेचे उत्तर मला या वाक्यात मिळाले. पुढच्याच महिन्यात बाहेर रंगवताना तो पावसात सापडला, कोसळला, त्याला धोब्याच्या गाडीतून घरी आणावे लागले आणि आठवड्याभरात तो गेला.

मुंबईच्या आपल्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझांनाही १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी सांगितले होते, की चित्रात बांधणी हवी, त्यासाठी सेझान अभ्यासा.

ते पुस्तक सोबत पाठवतो आहे. पानात खूण घातली आहे. कडेला पट्टी लावून पाहा, आणि मग बाटलीकडे बघून तुला काय वाटते ते सविस्तर लिही.

तुझा मित्र