ओवीचं ऑपरेशन होईपर्यंत

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

आई, ‘ताईची ओवी जन्मली तेव्हा ठणठणीत होती, मग छिद्र आलं कुठून?’ असं तू विचारलंस. छिद्र जन्मापासूनच आहे, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. डॉक्टर त्याला व्हीएसडी म्हणतात. जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. चार-सहा आठवड्यांत त्या सैलावतात आणि डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे घुसून पुन्हा फुप्फुसांतच जायला लागतं. म्हणून धाप, कपाळावरचा घाम, दूध अर्धवट सोडणं हे सगळं दुसऱ्या महिन्यात सुरू झालं. ताईने ग्रहणात काय चिरलं याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पाहुण्यांनी विषय काढला तर बाबा, तुम्हीच तो तोडून टाका.

आता दुधाचं. अशा बाळाला दूध ओढणं हेच मोठं कष्टाचं काम असतं. शिवाय हृदय जादा काम करतं, म्हणून तिला इतर बाळांपेक्षा जास्त उष्मांक लागतात. दर दोन-अडीच तासांनी पाजायचं, पण एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नाही. त्यानंतर जेवढं पोटात जातं त्याहून जास्त ताकद खर्च होते. उरलेलं ताईने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. डोकं उंच धरा आणि पाजून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. दूध घट्ट करायची पावडर आहारतज्ज्ञाने लिहून दिली असेल तेवढीच. अंदाजाने चमचा वाढवला तर जुलाब लागतात आणि आठवड्याची कमाई एका दिवसात जाते. वजन दर रविवारी एकाच काट्यावर, कपडे काढून करा आणि वहीत लिहा. आठवड्याला १४०-१५० ग्रॅम वाढ चांगली. १०० च्या खाली राहिली तर मला कळवा. वजन एकदम चढलं आणि पापण्या सुजल्या, तर ते बाळसं नाही, अंगात साठलेलं पाणी आहे.

बाबा, औषध तुमच्याकडे द्यावं असं मला वाटतं. फ्युरोसेमाइडच्या (अंगातलं जादा पाणी काढणाऱ्या औषधाच्या) द्रावणात १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध आहे. ओवी ४ किलोची, तिला एका वेळी ४ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे ०.४ मिली. चार नव्हे, शून्य पूर्णांक चार! चमच्याने मोजू नका, १ मिलीची सुईविरहित सिरिंज वापरा. नवी बाटली आणली की तिच्यावरचं प्रमाण पुन्हा वाचा, कंपनी बदलली की तेही बदलू शकतं. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. औषधानंतर ओकली तर स्वतःहून पुन्हा न देता फोन करा.

या औषधाने लघवी जास्त होते, आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीपार. जुलाब-उलट्या लागल्या, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही किंवा टाळू खोल गेली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ऊन आहे म्हणून वरचं पाणी मात्र नको, सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. कूलर चालेल, झोत अंगावर नको.

आई, न्हाऊ-माखू खुशाल घाल, पण धुरी बंद. गुटी आणि मधही नको. धुरी तुला जिव्हाळ्याची आहे हे मला माहीत आहे, पण रक्ताने आधीच भरलेल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. लग्नसराईत तिला कार्यालयात नेऊ नका. साधी सर्दी छातीत उतरली तरी ऑपरेशनची तारीख काही आठवडे पुढे जाते. लसी मात्र एकही चुकवायच्या नाहीत, आणि तुम्ही दोघांनी फ्लूची लस घेऊन टाका.

श्वास ती शांत झोपली असताना मोजा, पोट वर-खाली होताना, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसवतो, कारण बाळं थांबून थांबून श्वास घेतात. ५० किंवा त्याहून जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आणि तेवढाच राहिला तर फोन करा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ती कण्हत असेल, दोन वेळा सलग दूध घेतलं नाही किंवा जीभ-ओठ निळे दिसले, तर माझ्या फोनची वाट न पाहता १०८ची रुग्णवाहिका बोलवा. गार हात-पाय निळसर दिसणं वेगळं, जीभ बघायची. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर तिला लावू नका. तिच्या बोटावर तो नीट बसतच नाही आणि उगाच घाबरवतो.

सगळ्यात महत्त्वाचं. काही महिन्यांनी तिची धाप कमी झाली, वजन धरायला लागलं, तर ‘छिद्र भरलं, आता कशाला चिरफाड’ असं कुणीतरी म्हणेलच. लहान छिद्रं आपोआप बुजतात हे खरं, पण तिचं मोठं आहे. मोठ्या छिद्रात उलटंही घडतं. सततच्या दाबाने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात, रक्त तिकडे कमी जातं, म्हणून बाळ बरं दिसतं. हे वाढत गेलं की मग ऑपरेशन करूनही उपयोग नसतो, आणि पुढे मूल निळं पडायला लागतं. काय खरं ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतो, डोळ्यांना कळत नाही. ‘आधी पाच किलो होऊ दे’ हेही ऐकू नका. वजन वाढत नसेल तर थांबण्याऐवजी ऑपरेशन लवकर करतात.

ऑपरेशनसाठी पुण्याला येताना सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी, ऊन चढायच्या आत प्रवास उरकतो. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, ताई-भावजींचं आधार आणि ओवीचा जन्मदाखला लागेल, तिचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही. इकोचे जुने कागद आणि लसीकरणाचं कार्ड त्याच पिशवीत ठेवा. औषधाची बाटली पिशवीत आडवी ठेवू नका, झाकण गळतं.

तुमचा,
सुमित