पाटणच्या मिस्त्रीमामांना

मामा,
स. न. वि. वि.

तुम्ही आमच्या गाडीचा अल्टरनेटर बदलला नाहीत, त्याबद्दल आधी आभार. बदलला असतात तर मी मुकाट्याने पैसे मोजले असते, कारण निघण्यापूर्वी पुण्यातल्या एका गॅरेजने तेच सांगितलं होतं. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे डायनामो, अर्थात बॅटरी चार्ज करणारा हाच अल्टरनेटर, गेला, नवा टाका. आणि पुढून येणाऱ्या आवाजाचं काय, तर "पावसात बेल्ट ओला होतो मॅडम, सगळ्याच गाड्या ओरडतात." गणपती तोंडावर आलेले, चिपळूणचं घर उघडून झाडायचं होतं, म्हणून आई आणि मी निघालो.

मल्हारपेठ मागे पडलं आणि आवाजाचा सूर बदलला. आधी नुसती चिवचिव होती, आता जात्यात खडा सापडावा तशी घरघर. एसी लावला की वाढायची, बंद केला की जरा उतरायची. पाटणला तुमचं शटर अर्धं उघडं दिसलं आणि मी गाडी आत घातली.

तुम्ही बॉनेट उघडलंत आणि नुसते उभे राहिलात. पोराने पाना पुढे केला तर म्हणालात, "थांब रे, आधी ऐकू दे." खरं सांगू, मला तेव्हा वैताग आला होता. पुढे कुंभार्ली घाट उतरायचा, आभाळ दाटलेलं, आणि मिस्त्री गाणं ऐकल्यासारखा मान कलती करून उभा!

मग तुम्ही चालू इंजिनच्या बेल्टवर बाटलीतलं थोडं पाणी सोडलंत. आवाज तसाच. "बेल्ट बोलत असता तर पाणी पडल्यावर सूर बदलला असता. हे बेअरिंग आहे." मग मला ओढणी आवरायला लावून, लांब पेचकसाचं टोक एकेका भागावर टेकवत मूठ कानाला लावलीत. अल्टरनेटरला मीटर लावलात. चौदा व्होल्टच्या आसपास, अगदी जिथे असायला हवं तिथे. हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं एकदम लावायला सांगितलंत, तेव्हा आकडा खाली आला, दिवा लुकलुकला आणि बेल्ट किंचाळला. "डायनामो चार्ज करतोय ताई. त्याला फिरवणारा बेल्टच सटकतोय. बेल्ट सटकतो कारण त्याला ताणून धरणारा ढिला पडलाय."

त्या एका वाक्यात माझे काही हजार रुपये वाचले.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच चालवलंत. घरघर गायब. म्हणजे इंजिनच्या पोटात काही नाही, दोष बेल्टवर फिरणाऱ्या मंडळींपैकीच कुणाचा तरी. मग इंजिन बंद करून एकेक पुली मला हाताने फिरवायला लावलीत. अल्टरनेटर ठीक. एसीची ठीक. स्टिअरिंग पंपाची ठीक. वॉटर बॉडीला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाला, खेळ आहे का, कुठे ओल आहे का, ते तुम्ही बोट फिरवून पाहिलंत. शेवटी टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची, पुली. बोटाने टिचकी मारली तर भिरभिरत राहिली, आत खडखड, आणि धरून हलवली तर डुगडुगली. मला वाटलं, मोकळी फिरते म्हणजे चांगलीच असणार. तुम्ही नव्या पुलीचा नमुना हातात दिलात. ती जराशी जड फिरली आणि लगेच थांबली. "आत ग्रीस आहे म्हणून. तुमच्यातलं वाळून गेलंय, चिखलपाणी शिरलंय." पुली तिरकी चालल्यामुळे बेल्टच्या एका कडेचे धागे सुटले होते, तेही तेव्हाच दाखवलंत.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण हेच. या रस्त्याने आमच्यासारख्या जुन्या गाड्या घेऊन जाणारे पुष्कळ आहेत आणि "बेल्ट ओला झालाय" हे उत्तर पावसाळ्यात सगळीकडे मिळतं. आमच्या गाडीत एकाच बेल्टवर अल्टरनेटर, एसी, स्टिअरिंग आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी, असे चारही कारभार चालतात. तो घाटात तुटला असता तर स्टिअरिंग दगडासारखं जड, पाणी फिरायचं बंद, तापमानाचा काटा वर, आणि वायपर-हेडलाइट बॅटरीत उरेल तेवढ्यावर. आईला हे तुम्ही मुद्दाम हळू आवाजात सांगितलं नाहीत, तेही बरं केलंत. तिला सगळं ऐकू गेलं आणि पुढचे चार तास तिने घाईचं नाव काढलं नाही.

नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही का, असं मी विचारलं होतं. तुम्ही पुली दाखवलीत. प्लॅस्टिकची, बेअरिंग तिच्यातच बसवलेलं. शिवाय स्प्रिंगचा हात इंजिन चालू असताना थरथरत होता, म्हणजे तोही थकलेला. म्हणून टेन्शनर पूर्ण आणि बेल्ट नवा. कराडहून पार्ट वडापच्या जीपने मागवलात, आणि तो येईपर्यंत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेल्ट कुठून कसा जातो त्याचं चित्र काढून ठेवलंत. जुनी पुली सुटी करताना पोरगा जोर करायला लागला तेव्हा तुम्ही ओरडलात, "उलटे आटे आहेत बाबा, मोडशील!" मीही एक गोष्ट शिकले.

बसवायला फारसा वेळ लागला नाही. गोटी पाना लावून तुम्ही नव्या टेन्शनरचा हात स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून धरलात, पोराने बेल्ट चढवला. मग टॉर्च लावून प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पाहिलंत, बेल्टची एखादी रेघ खाचेबाहेर तर राहिली नाही ना. गाडी चालू करून, बंद करून, पुन्हा एकदा तेच. मी बिल विचारलं तर पार्टची पावती पुढे केलीत आणि मजुरी "द्या काय ते." ही सवय सोडा, मामा. इतकं नीट शोधून काढण्याचे पैसे पाना फिरवण्यापेक्षा जास्त असायला हवेत.

जुनी पुली माझ्याकडेच आहे. भावाने फिरवून पाहिली, शेजारच्या काकांनी पाहिली, आता सोसायटीतले लोक बॉनेट उघडून आपापल्या गाड्या ऐकत उभे असतात. दिवा परत लागलेला नाही.

आईने कुळथाचं पीठ आणि थोडी आमसुलं दिली आहेत. चिपळूणहून कराडला जाणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे पिशवी सोपवली आहे. पाटणला तुमच्या दारात थांबायला सांगितलंय, पण तो विसराळू आहे, तेव्हा पोराला रस्त्यावर लक्ष ठेवायला सांगा.

तुमची,
चिपळूणची ताई