पीसीआरच्या खोलीतल्या ताईंना, त्या एका मायक्रोलिटरबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

पर्णगुच्छ या विषाणूरोगाच्या पीसीआरसाठी (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून दाखवणारी चाचणी) रावेरच्या केळीचा डीएनए तुमच्यासमोर ठेवला तेव्हा तुम्ही आधी नळी उजेडाकडे धरून तिरकी केलीत. "पाण्यासारखं वाहत नाही हे, डिंकासारखं ओघळतंय," म्हणालात. त्याआधी दोन प्रयोगशाळांत कुणी नळीकडे पाहिलंच नव्हतं. एकीकडे "डीएनएच नाही, नवी पानं आणा". दुसरीकडे त्याहून कहर: "बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) नाही, म्हणजे पर्णगुच्छ नाही." जेलवर ना पॉझिटिव्ह कंट्रोल (विषाणू नक्की असलेला नमुना), ना केळीच्या स्वतःच्या जनुकाचा बँड, आणि म्हणे रोग नाही! तेवढ्यावर त्या बागेचे मुनवे (लागवडीचे कोंब) दुसऱ्याच्या शेतात जायला निघाले होते.

तुम्ही काय केलंत? तुमच्या हमखास चालणाऱ्या पॉझिटिव्ह कंट्रोलच्या 25 मायक्रोलिटरच्या नळीत आमच्या नमुन्याचा 1 मायक्रोलिटर सोडलात. तुमचाही बँड गायब. परक्याच्या नमुन्यासाठी स्वतःची चांगली नळी कोण नासवतं? त्या एका थेंबाने निकाल लागला: बँड नाही म्हणजे डीएनए नाही असं नव्हे, टॅकचेच (डीएनए वाढवणाऱ्या विकराचेच) हात बांधलेले होते.

आम्ही 260/280 चं (या दोन तरंगलांबींना शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर, डीएनएच्या शुद्धतेची खूण) 1.8 पाहून खूश होतो. तुम्ही बोट ठेवलंत 260/230 वर, तो होता 0.9, निदान 2 च्या आसपास हवा. केळीतल्या चिकट बहुशर्करा आणि पॉलिफेनॉल तिथे दिसतात, 260/280 मध्ये बऱ्याचदा लपून राहतात. शिवाय नॅनोड्रॉप (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) आरएनएही डीएनएच समजून मोजतो, म्हणून आकडा फुगलेला. आणि आम्ही बँड येत नाही म्हणून नमुना वाढवत चाललो होतो, 1 चे 3, 3 चे 5 मायक्रोलिटर. म्हणजे विषच वाढवत होतो. "इतलं कशाले टाकस भो?" हे तुमचं वाक्य आता फ्रीजरच्या दारावर लिहिलंय.

1:10 पातळ केल्यावर अडथळा दहापट घटतो. डीएनएही घटतो, पण तो पीसीआर पुन्हा वाढवून घेते, अडथळ्याला कोण वाढवणार? पातळ करायला टीई (डीएनए साठवायचं द्रावण) घेतलं नाही तेही बरं, त्यातला ईडीटीए टॅकला लागणारं मॅग्नेशियम पकडून बसतो.

पुढच्या खेपेला पान नको, कोवळा पोंगा (न उलगडलेलं पान) घ्या, हेही तुमचंच. जून पानात हा चिकटपणा जास्त. जळगावच्या मेमधल्या उन्हात कापलेल्या कडा बघता बघता काळ्या पडतात, म्हणून बर्फाचा डबा शेताच्या बांधापर्यंत न्यायचा. सीटॅब बफरमध्ये (पानातून डीएनए काढायचं द्रावण) पॉलिफेनॉल धरणारं पीव्हीपी 2 टक्के, काळं पडू न देणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल मात्र त्याच दिवशी घालायचं. क्लोरोफॉर्मनंतरचा मधला पांढरा थर लोभाने उचलायचा नाही. वरच्या डीएनएच्या पाण्यातले थोडे मायक्रोलिटर सोडून दिले तरी चालतात. सगळ्यांना माहीत असतं हे, करायचा मात्र कंटाळा.

काल 1:10 वर केळीच्या जनुकाचा बँड स्वच्छ आला, 1:50 वर फिका, मूळ नमुन्यात अजूनही काहीच नाही. त्याच 1:10 नमुन्यात तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल मिसळला तर तोही आला. आमच्या नुसत्या नमुन्याच्या एकाही रांगेत मात्र विषाणूचा बँड नाही. आता या "नाही"वर शेतकऱ्याला सही करून देता येईल.

कंट्रोलची उरलेली नळी बर्फात घालून परत आणतोय. सोबत भरताची वांगी आहेत, नाही म्हणू नका.

तुमचे,
केळीवाले